सुशीच्या मामांचा शनिवार

जगातली कोणतीही वस्तू आहे तशी राहू देणं सुशीच्या मामांना उभ्या जन्मात जमलं नाही. पोट हे भरण्यासाठी असतं अशी आपली सर्वसाधारण समजूत. मामांची समजूत अशी की ते उघडून आत काय आहे हे पाहण्यासाठी असतं, आणि हा नियम घड्याळं, कुलपं, करंज्या आणि पुस्तकं या सगळ्यांना सारखाच लागू आहे. सुशी माझी मैत्रीण. नगरकडच्या कर्जतला आमच्यापासून चौथं घर त्यांचं. मामा तिच्या आईचे धाकटे भाऊ. पण एकदा सुशीचे मामा झाल्यावर ते सगळ्या गावाचेच मामा झाले. सत्तरी उलटलेले म्हातारेसुद्धा त्यांना मामाच म्हणत. दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमाराला ते आठ दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे आले आणि सहा वर्षं राहिले. सर्व्हिस मोटारीच्या टपावरून त्यांची पत्र्याची ट्रंक उतरवताना हमाल म्हणाला होता, "पाव्हनं, दगडं भरली का काय हिच्यात?" ट्रंकेत दोन धोतरं होती, एक कोट होता आणि बाकी सगळ्या पकडी, कानशी, हातोड्या.

त्याआधी नगरला ते एका घड्याळजीकडे होते, मग एका छापखान्यात, आणि शेवटी भिंगारला छावणीतली खोगिरं शिवणाऱ्या एका दुकानात. तिन्हीकडून त्यांना एकाच कारणासाठी निरोप मिळाला होता. भिंगारचं कारण ते स्वतःच रंगवून सांगत. एका गोऱ्या अंमलदारानं खोगीर दुरुस्तीला टाकताना हातातला ग्रामोफोन घटकाभर दुकानात ठेवला. आत बाई नाही, बुवा नाही, मग आवाज येतो कुठून हे पाहिल्याशिवाय मामांना चैन पडेना. "मी सगळं होतं तसं बसवलं हो परत," मामा सांगत, "फक्त त्यानंतर त्याची गाणारी मड्डम बाप्याच्या आवाजात गायला लागली. तसं पाहिलं तर आवाज जास्त भरदार झाला होता. पण साहेबाला गाण्यातलं काही कळत नव्हतं."

"हे कसं केलंय?" हा मामांचा श्वास होता. कासार दारात आला की बायका बांगड्यांचा भाव विचारत, मामा विचारत की काचेच्या बांगडीला जोड कुठे असतो. सुशीच्या मावसबहिणीच्या लग्नात भटजींचा सूर 'सावधान'पर्यंत पोचला, अंतरपाट आता दूर व्हायचा, आणि पाहतो तर मामा अंतरपाटाच्या काठाचा एक धागा ओढून डोळ्यांशी धरून उभे. "हे सोलापुरी विणकाम नव्हे," ते मामाच्या मानाच्या जागेवरून सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. नवरीची आई हे अखेरपर्यंत विसरली नाही.

असा माणूस वाचनालयाचा ग्रंथपाल कसा झाला, हे कर्जतकरांनाही नीट सांगता आलं नसतं. कचेरीच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली, चार कपाटं, एक टेबल आणि एक मोठं भिंतीवरचं घड्याळ, हे आमचं वाचनालय. आधीचा ग्रंथपाल लष्करात कारकून म्हणून निघून गेला. मामा तसेही दिवसभर तिथेच असत, घड्याळ काढून बसलेले. तेव्हा अध्यक्ष वकीलसाहेबांनी किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या, बहुधा घड्याळ पुन्हा भिंतीवर जावं एवढ्याच आशेनं. घड्याळ भिंतीवर गेलं. खाली पाच भाग उरले. "हे त्याला नकोच होते," मामा म्हणाले, आणि खरोखर घड्याळ उत्तम चाले. एवढंच की साडेचाराला अकरा टोले पडत. पंधरा दिवसांत गावानं ते अंगवळणी पाडून घेतलं. "अकरा वाजले, चला चहाला," असं कचेरीतले लोक दुपारी निःशंकपणे म्हणू लागले.

पुस्तकांशी मामांचा संबंध फक्त बाहेरून होता. आत काय लिहिलंय याची त्यांना मुळीच उत्सुकता नसे. पुस्तक हातात घेतलं की ते पुठ्ठा दाबत, कागद कानाशी धरून फडफडवत, शिवण मोजत आणि म्हणत, "माणूस प्रामाणिक आहे." हे लेखकाबद्दल नसे, बांधणाऱ्याबद्दल असे.

शनिवारचा वर्ग सुरू झाला तो एका फाटक्या पुस्तकामुळे. नामा नावाचा एक सोळा वर्षांचा मुलगा दोन कोसांवरच्या वस्तीवरून शाळेला येई. त्याच्या हातून एका प्रवासवर्णनाची चार पानं सुटली. बिचारा रडकुंडीला येऊन दंड विचारायला गेला. मामांनी त्याला दाभण आणि दोरा दिला आणि म्हणाले, "बस. तू सोडवलंस, तूच शिव." दुपारभर खपून नामानं ते शिवलं. जाताना त्यानं पुस्तक पोटाशी धरून विचारलं, "मामा, आनकी एखांदं फाटकं हाय का?" पुढच्या शनिवारी पाच मुलं पाच फाटकी पुस्तकं घेऊन हजर झाली. त्यातली तीन त्याच सकाळी, शाळा सुटल्यावर, मुद्दाम फाडलेली होती. मामांनी फाटण्याच्या कडा भिंगातून तपासून हे ताबडतोब ओळखलं, पण रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी फाडू नका, नुसते या."

मुलींनीही यावं असं मामांचं म्हणणं होतं. सुशी घरचीच, प्रश्न माझा होता. मी तेव्हा सातवीत, वय चौदा. माझी आई म्हणाली, "बाप्यांच्या वाचनालयात घोडी झालेली मुलगी मी नाही पाठवायची." मामा तिला समजवायला म्हणून आले आणि ओटीवर वाळत घातलेल्या गोधडीपाशीच थांबले. दहा मिनिटं ते गोधडी उलटसुलट करून पाहत होते. मग आईला हात जोडून म्हणाले, "वहिनी, हा टाका कुठं शिकलात? माझी पुस्तकं सहा महिन्यांत सुटतात. ही गोधडी तीस वर्षं सुटायची नाही. तुम्ही शनिवारी येऊन पोरांना एवढं दाखवाल का?" आईला आयुष्यात कोणी मास्तर म्हणून बोलावलं नव्हतं. ती अर्थातच गेली नाही. पण शनिवारी दुपारी तिनं माझी वेणी घट्ट घातली आणि म्हणाली, "जा. पण टाका नीट घाल. माझं नाव जाईल."

मग आमचे शनिवार सुरू झाले. आम्ही पुस्तकं शिवली, खळ शिजवली, पाण्यावर रंग तरंगवून त्यांवर कागद टेकवले आणि ढगांसारखी नक्षी उठवली, हिरड्याची शाई केली. त्या शाईनं आठ दिवस आमचे हात असे काळे राहिले की सुशीच्या आईनं आम्हां दोघींना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर जेवायला वाढलं. मामा शिकवत नसत. ते आमच्याच शेजारी फतकल मारून बसत, आमच्याइतकंच चुकत, आणि चूक झाली की त्यांना आनंद होई. "आता कळलं!" ते ओरडत. काय कळलं ते आम्हांला पुढच्या शनिवारी कळे.

लढाईचं तिसरं की चौथं वर्ष असेल, कागद मिळेनासा झाला. वर्तमानपत्रं रोडावून दोन पानांवर आली. दुकानदार वही मागितली की हसायचा. शाळेत पुन्हा पाट्या आल्या, आणि वार्षिक परीक्षेला ज्यानं त्यानं आपापला कागद आणावा असं हेडमास्तरांनी सांगून टाकलं. मी एकदा शनिवारी रडवेली होऊन म्हटलं, "मामा, कागदच नाही तर परीक्षा कशावर देऊ?" मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्यांना दिवाळीची भेट दिली.

"कागद," ते हळूच म्हणाले. "तो कसा करतात, हे कधी पाहिलंच नाही आपण."

त्यानंतरचा महिना आमच्या आळीतली एकही आई विसरली नसेल. कागद करायला पाणी लागतं, आणि कर्जतला फाल्गुनात पाणी म्हणजे काय ते कर्जतकरालाच ठाऊक. प्रत्येकानं घरून एक कळशी आणायची असं ठरलं. आमच्या घरातली पिण्याची कळशी मी दोनदा नेली आणि दोनदा मार खाल्ला. कुटायला आमचं उखळ गेलं. गाळायला बारीक जाळी हवी होती. ती मामांना बहिणीच्या दुधाच्या कपाटाला सापडली. ती कापल्यावर तिथं जे भोक राहिलं ते मांजराला त्याच संध्याकाळी सापडलं. सुशीची आई वाचनालयाच्या दारात येऊन ओरडली, "अरे, तुझ्या कागदापायी माझं शेरभर दूध गेलं!" मामा चौकटीला जाळी ठोकत होते. मान वर न करता म्हणाले, "ताई, जाळी फार सुंदर आहे गं. कुठून घेतली होतीस?"

पहिला लगदा आम्ही अंबाडी आणि चिंध्यांचा केला. तीन दिवस भिजवला, चार दिवस कुटला, गाळला, दाबला, वाळवला. निघाला तो ताव नामा मोठ्या अभिमानानं वस्तीवर आजीला दाखवायला घेऊन गेला. आजीनं तो हातावर तोलला, हुंगला आणि विचारलं, "ह्यो कागुद हाय का गवरी?" नामानं हे जसंच्या तसं येऊन सांगितलं. आम्ही हिरमुसलो, मामा मात्र गंभीर झाले. "म्हातारीचं बरोबर आहे. धागा राठ आहे. एकदा कागद होऊन गेलेला माल पाहिजे. जुना, पांढरा, छापलेला असला तरी चालेल."

अध्यक्ष वकीलसाहेब त्या वेळी टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होते. पन्नाशीचे, उंच, बारीक, नेहमी पांढऱ्या उपरण्यात. बोलणं इतकं बेतशीर की कोर्टातसुद्धा शब्द मोजून देतात असं लोक म्हणत. मामांनी त्यांना विचारलं, "साहेब, माळ्यावरची रद्दी घेऊ का?" वकीलसाहेब लढाईच्या बातमीत होते. "रद्दी ना? घ्या, घ्या. तेवढाच माळा मोकळा होईल," ते म्हणाले.

माळ्यावर मी आणि नामा चढलो. जुने अंक उंदरांनी कधीच संपवले होते. पण कोपऱ्यात, तरटात बांधलेली आठ गाठोडी होती, एकाच पुस्तकाच्या शेकडो प्रती, कोऱ्या करकरीत. नामा गाठोडं खाली द्यायला वळला तेवढ्यात मी एक प्रत उघडली. वर वकीलसाहेबांचं नाव. काव्याचं नाव आता आठवत नाही, त्यात 'विलाप' हा शब्द होता एवढं नक्की. आत छापलं होतं, 'दिवंगत पत्नीस'. मी मधलं एक पान वाचलं. कमलनयन, चंद्रमुख, हंसगमन, प्राणेश्वरी. मला हसू आलं. मग थोडी भीतीही वाटली. खाली जाऊन सांगायला हवं हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं. पण सांगितलं असतं तर गाठोडी परत कोपऱ्यात गेली असती, आणि परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. मी प्रत मिटली आणि गाठोड्यात खोचली. खाली मामांनी एक पान कानाशी धरून फडफडवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "चिंध्यांचा कागद! असा हल्ली मिळतो का?" पानावर काय आहे ते त्यांनी पाहिलंच नाही. त्या दुपारी आम्ही आठही गाठोडी भिजत घातली.

आणि कागद झाला. खरा, पांढरा, थोडासा खडबडीत, पण कागद. तांदळाच्या पेजेची खळ देऊन, बाटलीनं घोटून आम्ही तो गुळगुळीत केला, तेव्हा शाई फुटेनाशी झाली. वाचनालयाच्या मागच्या चुनकळीच्या भिंतीवर ओले ताव चिकटवलेले असत आणि उन्हानं वाळले की आपोआप सुटून खाली येत. ते झेलायला लहान मुलं रांगेनं उभी राहत. मामांनी त्या शनिवारी वकीलसाहेबांना मुद्दाम बोलावून आणलं आणि सगळ्यांत चांगला ताव त्यांच्या हातात दिला.

"उजेडात धरून बघा साहेब."

वकीलसाहेबांनी धरला. पापडात जिरं दिसावं तसे कागदात काळे बारीक ठिपके होते. नीट न कुटलेले अक्षरांचे तुकडे. त्यांनी चष्मा लावला. ओठ हलले. मी जवळच उभी होते. त्यांचं बोट थांबलं तिथं मलाही वाचता आलं. '...लनयने'.

"मामा," ते म्हणाले, "हा कागद कशाचा केलात?"

"माळ्यावरच्या रद्दीचा. आपणच परवानगी दिलीत. फार उत्तम माल हो."

"छापलेला होता?"

"होता. शाई काढता काढता पोरांचे हात मोडले."

"काय छापलं होतं?"

मामांनी खरोखरच आठवून पाहिलं. "ते नाही पाहिलं," ते म्हणाले.

वकीलसाहेब ताव परत भिंतीला लावायला गेले. वाळलेला ताव चिकटेना. मग त्यांनी तो आत नेऊन टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून वर दौत ठेवली, काठी घेतली आणि निघून गेले. मामांना काहीच उलगडा होईना. त्यांनी तरटं झटकली, तेव्हा एका तरटाला चिकटून राहिलेलं पुस्तकाचं एक वेष्टन खाली पडलं. आयुष्यात पहिल्यांदाच मामांनी छापलेलं काही अक्षर न् अक्षर वाचलं असेल. वाचून ते खालीच बसले. "हे कोणी पाहिलं होतं का रे?" त्यांनी विचारलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. मी माझ्या पायांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाची कमिटी भरली. वकीलसाहेब गेलेच नाहीत. पण बाकीच्यांना त्यांच्या वतीनं संताप करायला तेवढंच बरं पडलं. शनिवारचा वर्ग बंद, आणि महिनाअखेर मामांनी किल्ल्या द्याव्यात, असं ठरलं. गावात मात्र हसून हसून मुरकुंडी वळली होती. "वकिलांचं काव्य अखेर लोकांच्या कामी आलं," असं पानाच्या दुकानावर बोललं जाई. मामा घराबाहेर पडेनात. सुशी सांगायची, "अगं, कोठीचं कुलूप अडकलंय, आई मुद्दाम त्यांच्यासमोर किल्ली फिरवते, तरी मामा वळूनसुद्धा बघत नाहीत." हे ऐकल्यावर मला जेवण जाईना. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी सरळ मामांपुढे जाऊन उभी राहिले आणि सांगून टाकलं, की मी पाहिलं होतं, नाव वाचलं होतं, आणि वहीसाठी गप्प बसले.

मामांनी उठून कोट चढवला. "चल," ते म्हणाले. "मी वाचलं नाही आणि तू वाचून बोलली नाहीस. दोघं मिळून एक माणूस होतो. जाऊन पाया पडू."

वकीलसाहेबांचं घर मोठं आणि गप्प होतं. मानमोडीच्या तापाच्या साथीत बायको गेली, त्यानंतर त्यांनी पुन्हा लग्न केलं नव्हतं. एक म्हातारी स्वयंपाकीणबाई तेवढी होती. वकीलसाहेबांनी आम्हांला बैठकीत बसवलं. मामांनी तोंड उघडायच्या आत मीच रडत रडत सगळं सांगितलं. वकीलसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तू वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"एक पान."

"कसं वाटलं?"

खोटं बोलण्याची माझी हिंमत त्या आठवड्यात संपली होती. "कळलं नाही," मी म्हटलं. "त्या कशा होत्या ते काही कळलं नाही."

ते थोडं हसले, पण त्या हसण्याकडे पाहवत नव्हतं. "पाचशे प्रती छापल्या होत्या मी. वीस-बावीस वर्षांत कोणी आपण होऊन उघडलेली ती पहिलीच म्हणायची. अन् तीसुद्धा..." आणि ते थांबले. उखळाचा उल्लेख त्यांनी केला नाही.

आता मामांनी माफी मागायची, एवढंच उरलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मामा माजघराच्या दाराकडे बघत होते. दारावर काचेच्या मण्यांचं तोरण होतं, हिरवे पोपट, लाल चोची, धुळीनं मळलेलं. त्यांच्या डोळ्यांत ते दिसू लागलं होतं जे मला चांगलं ओळखीचं होतं. मी त्यांच्या कोटाची बाही ओढली. उपयोग झाला नाही.

"साहेब," मामा म्हणाले, "हे कसं केलंय?"

वकीलसाहेबांनी वळून तोरणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिनं केलं होतं. कसं ते मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही." आणि स्वतः स्टुलावर चढून त्यांनी ते तोरण उतरवलं.

मामांनी ते मांडीवर घेतलं. खिशातलं घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं. मी देवाचा धावा करत होते की एकही मणी सुटू नये. पण मामांची बोटं त्या दिवशी निराळीच होती. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावीत तशी ती दोऱ्यावरून फिरत होती. एक पोपट, दुसरा, तिसरा. मध्येच ते थांबले, तोरण उलटं धरलं, पुन्हा सुलटं केलं.

"साहेब, बाई डावखुऱ्या होत्या का?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला.

"नाही, गाठी सगळ्या उलट्या फिरल्यात म्हणून विचारलं," मामा म्हणाले. "सुई डावीकडून गेलेली आहे, पहिल्या मण्यापासून शेवटच्यापर्यंत. फार सफाईचा हात होता. प्रामाणिक."

"होती," वकीलसाहेब म्हणाले. "चारचौघांत उजव्या हातानं वाढायची. तिच्या आईनं चटके देऊन शिकवलं होतं. खोलीत आम्ही दोघंच असलो की डाव्या हातानं पान लावून द्यायची मला, अन् म्हणायची, कोणाला सांगू नका हं." त्यांनी उपरण्यानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढून पुसला. "मी विसरलो होतो हो. साफ विसरलो होतो. अख्ख्या काव्यात हे कुठंच नाही."

आत म्हातारीचं पीठ चाळणं चाललं होतं. मामांनी तोरण त्यांच्या हातात दिलं आणि कुठल्या पोपटात ती गाठ नीट दिसते ते बोट ठेवून दाखवलं. वकीलसाहेब ते मणी बराच वेळ बोटांनी चाचपत होते. आम्ही न विचारताच उठलो. माफी मागायची राहूनच गेली.

कमिटीचा ठराव वकीलसाहेबांनी एका ओळीत फिरवला. झालेल्या कागदाच्या वह्या पोरांना द्या, असंही त्यांनीच सांगितलं. माझी परीक्षा त्या कागदावर झाली. काळ, काम आणि वेगाच्या उदाहरणात माझ्या चौथ्या पायरीशेजारी 'प्राणे' ही दोन अक्षरं कागदातून वर आली होती. मास्तरांनी त्यांना लाल शाईनं गोल करून बाजूला 'अनावश्यक' असा शेरा दिला होता. मी पास झाले. दर शनिवारी मग वकीलसाहेब वर्गाला येऊ लागले, सोबत ते तोरण घेऊन. एकही मणी न सोडता मामांनी त्याचा सबंध नकाशा काढला आणि त्यावरून आम्ही वाचनालयासाठी नवं तोरण विणायला घेतलं. वकीलसाहेबांना मणी दिसत नसत, सुईत दोरा ओवायला त्यांना पाव तास लागे, पण ते हट्टानं डाव्या हातानंच विणून पाहत. नामा त्यांना सांगायचा, "सायेब, असं न्हवं, मणी आधी ह्या अंगाला घ्या," आणि कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा तो माणूस मुकाट्यानं मणी त्या अंगाला घ्यायचा. आमच्या कागदाचा एक ताव त्यांनी एकदा मागून नेला. त्यावर काही लिहिलं का, ते त्यांनी कोणाला दाखवलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

लढाई संपली त्या वर्षी मामा अचानक निघाले. कुठंतरी काचेचा कारखाना आहे, तिथं माणूस नळीतून फुंकर घालतो आणि बाटली होते, असं त्यांना मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं. "एवढं पाहून येतो," ते बहिणीला म्हणाले. "आठ दिवसांत." आम्ही सगळे पोचवायला गेलो. नवीन ग्रंथपाल आला तो रीतसर शिकून आलेला होता. त्यानं सगळी पुस्तकं क्रमानं लावली आणि शनिवारी दुपारी वाचनालय बंद ठेवायला सुरुवात केली. मुलं मोठी झाली. नामा पुढे साखर कारखान्यात फिटर झाला.

मामांचं एक कार्ड आलं होतं, चार-पाच महिन्यांनी. स्वतःबद्दल अक्षर नव्हतं. काच फुंकायच्या नळीचं चित्र होतं, तिची लांबी, तिचं तोंड, सगळ्या मापांसकट. आणि खाली उरलेल्या बोटभर जागेत, तिकडे पाऊस झाला का, नामाच्या आजीचा खोकला कसा आहे, पोरी काय करतात, असं एकात एक घुसवून लिहिलेलं. पत्ता द्यायचं ते विसरले होते. शिक्का पुसट होता. मी, सुशी आणि वकीलसाहेब, तिघांनी भिंगाखाली धरून पाहिला, पण गावाचं नाव काही लागलं नाही. पुढच्या कार्डात पत्ता असेल, मग उत्तर लिहू, म्हणून सुशीच्या आईनं ते देवघराच्या कोनाड्यात उभं करून ठेवलं. मी लग्न होऊन सासरी निघाले, नमस्काराला म्हणून त्यांच्याकडे गेले, तेव्हा ते तिथंच होतं, एकटंच, कडांना हळदकुंकू लागून पिवळंलाल झालेलं.